माळावर पहाटे कोण येतं

अहमदपूर
१२ जानेवारी २०२५

चि. मंजुश्री,

आशीर्वाद. मागच्या पत्रातले संपले असतील असं धरून नवे पाठवतो आहे.

तुझा फोटो पोचला. मागं गवत, गवतात ठिपक्यांसारखी जनावरं, पुढं घडीचं टेबल आणि टेबलावर चहाचे दोन कप. तुझ्या मामीनं जनावरं मोजायला घेतली, मी कप मोजले. न्यायशास्त्र शिकवणाऱ्याची नजर अशीच वाईट असते. डोंगरावर धूर दिसला की डोंगरात आग आहे असं अनुमान काढावं, हे मी आयुष्यभर पोरांच्या डोक्यात घालत आलो. आता टेबलावर दोन कप दिसले तर काय अनुमान काढू, तूच सांग. तुझ्या आईला फोटो दाखवताना मी एका कपावर अंगठा ठेवला होता.

दुसरं म्हणजे, तू तिथं नक्की काय करतेस ते एकदा नीट लिही. देगलूरच्या एका चांगल्या घरातून विचारणा आली आहे. मुलगी काय करते म्हणाले. मी म्हणालो, आफ्रिकेत गवताचा अभ्यास करते.  'आपल्याकडं गवत न्हाई का' असं त्यांनी विचारलं, आणि खरं सांगतो, मी फोन तुझ्या मामीच्या हातात दिला.

गावाकडं सगळं ठीक. मी दर रविवारी अहमदपूरहून एसटीनं अक्काकडं जातो. तुझी आई एकटी राहायला शिकली आहे, पण गुडघ्यांना ते अजून पटलेलं नाही. माळावर दाजींच्या समाधीवरची माती कुणीतरी थोडी उकरल्यासारखी दिसते. किरकोळ आहे. आईला फोनवर काही विचारू नकोस. म्हणून तर मी पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतो. फोनवर बोललो की ती शेजारी बसून दर वाक्याला 'काय म्हणली' विचारते. तुझी पत्रं मी तिला वाचून दाखवतो. नको ते गाळतो.

तुझा मामा,
मन्मथ

◆

सेरेंगेटी, दक्षिण कडेचा तळ
२३ जानेवारी

मामा, शरणु.

दोन कपांपैकी एक माझा आणि एक नीमाबाईंचा. त्या आमची गाडी चालवतात. वयानं तुमच्याएवढ्या आहेत आणि त्यांना नातवंडं आहेत. अंगठा काढलात तरी चालेल.

आणि तुमचा तो डोंगर इथं खरोखर आहे. पूर्वेला दिसतो. मसाई लोक त्याला देवाचा डोंगर म्हणतात. तोंडातून अधूनमधून धूर येतो, आणि आत आग आहेच, अनुमान काढायची गरज पडत नाही. हा आणि याचे आता विझलेले भाऊबंद हजारो वर्षं राख ओकत आले. वारा पूर्वेकडून येतो, म्हणून राख पश्चिमेला पडली, म्हणजे मी बसलेय तिथं. राखेत चुना, खार, फॉस्फरस. शिवाय हेच डोंगर ढग अडवतात, म्हणून इथं पाऊस बेताचा. तेवढा पाऊस राखेतला चुना विरघळवतो, पण वाहून न्यायला पुरत नाही. मग तो हातभर खाली जाऊन थिजतो आणि फरशीसारखा थर होतो. झाडाच्या मुळाला तो फुटत नाही. गवताला मात्र हातभर माती म्हणजे चैन. म्हणून इथं नजर जाईल तिथवर एक झाड नाही, नुसतं बोटभर गवत. वायव्येला निघालं की पाऊस वाढत जातो, राख संपत जाते, गवत कमरेला लागतं आणि मग झाडं सुरू होतात.

देगलूरकरांना यापुढचं सांगा. उंच गवत तिकडं, बारमाही पाणी तिकडं, तरी पाऊस लागला की विल्डबीस्ट नावाची जनावरं लाखांनी इकडं येतात. तोंड गायीचं, दाढी बोकडाची, चाल लग्नात उशिरा पोचलेल्या पाहुण्याची. त्यांच्या माद्या इथंच वितात, आत्ता, या महिन्यात. एक तर या आखूड गवतात दुधाला लागणारं सगळं आहे. दुसरं, इथं सिंहाला लपायला जागा नाही. विणारी मादी आधी चारी दिशांना बघून घेते. मी रोज ते गवत कापते, वाळवते, पुड्या बांधते आणि त्यात काय आहे ते तपासते. अशी नोकरी आहे.

आपल्याकडं गवत आहे, मामा. अप्पांची समाधी आहे त्या माळावर आहे. आपला काळा पाषाणही ज्वालामुखीचाच आहे, फक्त फार जुना आणि केव्हाच निवलेला.

आता माझा प्रश्न. तुम्ही 'किरकोळ' लिहिलंत. अप्पा गेले त्या दिवशीही तुमचा पहिला निरोप 'किरकोळ त्रास आहे' असा होता, आणि मी पोचले तोवर माती झाली होती. समाधी कोण उकरतंय?

मंजू

◆

अहमदपूर
२ फेब्रुवारी

चि. मंजू,

नीमाबाईंना नमस्कार सांग. एक अनुमान वाया गेलं. मामी मात्र म्हणते की नातवंडं असलेल्या बाईला मुलगाही असतोच.

तू विचारलंस म्हणून लिहितो. आईला कळू देऊ नकोस की तुला कळलं आहे. तिची समजूत अशी की तुला यातलं काही ठाऊक नाही.

दिवाळीनंतर सुरू झालं. समाधीच्या उंचवट्याला दक्षिणेकडून एक खळगा पडला. अक्कानं माती लोटून तो बुजवला. आठवडाभरात पुन्हा पडला, शेजारी दुसरा. कुत्रं म्हणावं तर नखं दिसत नाहीत. कोल्हं म्हणावं तर पोकळी खोल जात नाही. कुणीतरी येतं, वरची थोडी माती नेतं, आणि निघून जातं. समाधीची माती कशाला नेतात हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. भानामती हा शब्द कुणी उच्चारत नाही. गावातल्या प्रत्येक गोष्टीत पुढं असणारा अमृतराव म्हणाला, आता कायदा आहे, 'तसला प्रकार' म्हणायचं. तेव्हापासून सगळं गाव कायदा पाळून बोलतं.

मग पंचफुलानं पाहिलं. अक्काच्या शेजारची पंचफुला, तुला आठवत असेल. तिच्या डोळ्यांतून काही सुटत नाही आणि तोंडातून तर नाहीच. ती सकाळी शेण्या आणायला गेली तर आपल्या माळावर मेंढ्या घेऊन उतरणारा धनगर, श्रीमंत, समाधीजवळ उभा, आणि समाधीच्या दिशेनं दगड भिरकावत होता. तिला पाहून खाली वाकला आणि काहीतरी चाचपल्यासारखं करून निघून गेला. हे तिनं आधी अक्काला सांगितलं, मग मुखेडच्या आठवडी बाजाराला.

अक्का म्हणाली, "माझं काय वाकडं केलं मी त्याचं? ह्यांच्या वक्ताला तर पायली-पायली ज्वारी द्यायचो." रोज पहाटे उठून ती दाराशी बसते आणि माळाकडं बघत राहते. जेवण निम्म्यावर आलं आहे. मला माणसांच्या करणीवर विश्वास नाही, मंजू, पण माणसांवरही फारसा नाही. दगड मारणाऱ्याच्या मनात काहीतरी असतंच.

अठरा तारखेला दाजींचं दुसरं पुण्यस्मरण. अमृतरावानं सुचवलं आहे की त्या दिवशी सगळ्यांसमोर श्रीमंतला शपथेचा बेल-भंडार उचलायला लावावं. उचलला तर प्रश्न मिटला. नाही उचलला तर माळ त्याला बंद. नंतर समाधीवर सिमेंटचा ओटा घालायचा आणि भोवती तारेचं कुंपण.

मन्मथ

◆

तळ
९ फेब्रुवारी

मामा,

अमृतरावकाकांनी सुचवलं, अमृतरावकाका ओटा घालणार, अमृतरावकाका कुंपण करणार. माळ सोलरवाल्या कंपनीला भाड्यानं द्या म्हणून अप्पांच्या मागं कोण लागलं होतं? अप्पांनी नाही म्हटल्यावर वर्षभर कोण बोलत नव्हतं? श्रीमंतकाकांच्या मेंढ्या माळावर आहेत तोवर त्या माळाला उपयोग आहे. एकदा त्या गेल्या की माळ 'पडीक' होतो, आणि मग एकट्या राहिलेल्या माझ्या अव्वाला पटवायला कितीसा वेळ लागतो. खळगे कोण पाडतंय असं मला विचाराल तर ज्याला त्याचा फायदा आहे तो. हे तुमच्याच शास्त्रात बसतं का बघा.

श्रीमंतकाका आजोबांच्या काळापासून दिवाळीनंतर माळावर येतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात. मेंढ्या चरतात माळावर आणि रात्री बसतात आपल्या शेतात, त्या खतावर आपली ज्वारी येते. त्यांना एका गावानं करणीवाला ठरवलं तर पुढचं कुठलंच गाव शेतात मेंढ्या बसवू देणार नाही. तुम्ही त्यांच्याकडून माळ काढून घेत नाही आहात, पोट काढून घेताय. शपथ थांबवा.

आणि एक करा. चष्मा लावून त्या खळग्याजवळ बसा. कडा कशा आहेत? खुरप्याचे घाव आहेत का? बोटांच्या खुणा? मला ऐकीव नको, तुम्ही पाहिलेलं हवं.

मंजू

◆

अहमदपूर
२१ फेब्रुवारी

चि. मंजू,

तुझ्या संशयाला विमानाचं तिकीट लागत नाही, हे बरं आहे. अमृतरावाबद्दल तू लिहिलंस ते गाळूनच वाचलं. तरी मी आपला शहानिशा करायला गेलो. खळगे पडले त्यातले निम्मे दिवस तो हैदराबादला मुलाकडं, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी होता. तो आगाऊ आहे, पण एका वेळी एकाच गावात.

शपथ मी थांबवली नाही. थांबवू शकलो असतो का हे मला ठाऊक नाही. प्रयत्न केला नाही एवढं ठाऊक आहे.

अठरा तारखेला स्वामी आले, पूजा झाली, प्रसादाआधी समाधीसमोर ताटलीत बेल आणि भंडारा ठेवला. श्रीमंत आला होता. धोतर धुतलेलं, हातात काठी नाही. बरोबर त्याची बायको गुणाबाई. अमृतरावानं वाक्य सांगितलं, "मी किंवा माझ्या कुणी या समाधीला स्पर्श केला न्हाई, असं म्हण आन् उचल."

श्रीमंत ताटलीजवळ गेला. हात पुढं केला. मग त्यानं तो मागं घेतला.

"मी न्हाई केलं काही," तो म्हणाला.

"मग उचल की."

"मी न्हाई केलं. पण तसं म्हणून न्हाई उचलनार."

"का?"

त्यानं अक्काकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मान खाली घातली. मागून कुणीतरी हसलं. पंचफुला म्हणाली, "झालं की मग." गुणाबाई त्याच्या बाहीला धरून त्याला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ओढ्याकाठचं त्यांचं पाल हललं होतं. बिलोलीकडं गेला म्हणतात.

तुला वाईट वाटेल, पण धनगर भंडाऱ्यावरून हात मागं घेतो तेव्हा मला अनुमानाचीही गरज उरत नाही. अक्का त्या रात्री पहिल्यांदा पोटभर जेवली.

तू सांगितलंस म्हणून खळगाही पाहून आलो, तीन दिवसांनी, म्हणजे आज सकाळी. खुरप्याचे घाव नाहीत. बोटांच्या खुणा नाहीत. दह्याच्या मडक्यातून पळीनं दही काढावं तशी गुळगुळीत वाटी आहे. काठावर पांढरी पापडी धरली आहे. अमृतराव म्हणतो, तीच पूड टाकतात, तसल्या प्रकारात. एक गोष्ट मला खटकली ती लिहितो. खळगा ओलसर होता. म्हणजे आजचा होता. श्रीमंत तर गेलेला.

सोमवारी सिमेंट येतंय.

मन्मथ

◆

कराटू, बाजाराचं गाव
२२ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र तळावर कसंबसं उतरलं, पण माझं तिथून जाईना, म्हणून नीमाबाईंना गाडी काढायला लावून इथं आले. हे पत्र अव्वाला वाचून दाखवू नका, आधी माळावर जा.

ती पांढरी पापडी बोटाला लावून चाटा. लाज वाटली तर आजूबाजूला कुणी नसताना चाटा.

आणि मला सांगा, अप्पांना समाधीत बसवलं तेव्हा खड्ड्यात मीठ किती घातलं होतं. भस्म आणि मीठ आपण घालतोच, पण मी नव्हते. किती घातलं? खड्डा किती खोल गेला होता?

आमच्या तळापासून थोड्या अंतरावर एक उघडी कड आहे, राखेच्या थराची. तिथं विल्डबीस्टच्या माद्या, झेब्रे, सगळे येऊन माती चाटतात. गवतातून मिळत नाही तेवढा खार तिथं मिळतो, आणि पोटात पिल्लू असलं की ती भूक वेडी असते. कडेला गुळगुळीत वाट्या पडल्या आहेत. पळीनं दही काढल्यासारख्या. मी रोज त्यांच्यासमोर उभी असते आणि तुमचं पत्र येईपर्यंत मला ते दिसलं नाही.

जिभेला नख नसतं, मामा.

सिमेंट थांबवा.

मंजू

◆

अहमदपूर
३ मार्च

चि. मंजू,

खारट आहे.

मीठ मीच आणलं होतं, मुखेडहून, टेंपोत घालून. खड्डा कमरेच्या खाली गेलाच नाही. पहार काळ्या पाषाणावर आपटायची आणि ठिणगी उडायची. बसवायला खोली पुरेना, म्हणून वर माती चढवून उंचवटा केला, आणि स्वामी म्हणाले, खोली कमी आहे तर मीठ-भस्म सढळ घाला. एक पोतं ठरलेलं होतं, आणखी एक मागवलं. त्या दिवशी कुणी हात आखडता घेतला नाही. आता तुझ्या पत्रावरून कळतं की ते मीठ खाली कुठं जाणार. खाली पाषाण, पाऊस मुखेडचा, बेताचा. पावसाळ्यात विरघळायचं आणि दिवाळीनंतर माती सुकली की वर यायचं. तुझा आफ्रिकेचा हिशेब आमच्या दारात मांडून ठेवला होता आणि आम्ही चोर शोधत होतो.

पण चाटून एवढंच कळलं की मीठ आहे. कोण खातं ते कळलं नव्हतं. अनुमानानं मला या वर्षी दोनदा तोंडघशी पाडलं आहे, म्हणून म्हटलं प्रत्यक्ष बघू. अक्काला सांगितलं. मला वाटलं होतं ती रागावेल. ती म्हणाली, "मी बी येते."

पहाटे दोघं माळाच्या बांधाआड जाऊन बसलो. तिनं गुडघ्यांना दुपट्टा गुंडाळला होता. फटफटायला लागलं तसं ओढ्याच्या बाजूनं काहीतरी हललं. आधी एक, मग मागं तीन-चार. हरिणी. थांबायच्या, मान वर करायच्या, चारी बाजूला बघायच्या, पुन्हा चार पावलं. संस्कृतात हरणाला डझनभर शब्द आहेत. मला त्या वेळी एकही आठवला नाही. समाधीशी आल्या आणि चाटायला लागल्या. शांतपणे, पाळी लावल्यासारख्या. एकीचं पोट खाली आलेलं होतं. ती सगळ्यात जास्त वेळ होती.

मी अक्काकडं पाहिलं. ती पुटपुटली, "आमच्या घरी आलेला कुणी चहाबिगर गेला न्हाई. आता बी तेच चालू करून राहिले व्हय."

हरिणी ओढ्याकडं वळल्यावर म्हणाली, "मन्मथ, आपन त्या माणसाला काय करून ठिवलं."

सिमेंट परत पाठवलं. अमृतराव म्हणाला, हरणं चाटतात म्हणजे ती पण तसल्या प्रकारातलीच असतील. त्याला मी म्हटलं, त्यांना बेल-भंडार उचलायला लाव.

काल बिलोलीला गेलो. श्रीमंत एका तूर काढलेल्या रानात होता. मेंढ्या कमी वाटल्या. मला पाहून उठला नाही. मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मी विचारलं, दगड कुणाला मारत होतास?

"मेंढरायला," तो म्हणाला. "तकडंच वढ घ्यायचे. दोघी-तिघी तर जाऊन चाटून बी आल्या. मालकाच्या समाधीला मेंढराची जीभ लागली म्हणल्यावर तुमी लोकं मला सोडलं असतं काय?"

"मग शपथेच्या वेळी सांगायचं."

"त्यानं म्हणलं, मी किंवा माझ्या कुनी. मेंढरं माझीच हायत की सर."

 सगळ्या गावात त्या दिवशी खोटं न बोललेला तेवढा एकच माणूस होता, आणि त्यावरूनच आम्ही त्याला दोषी ठरवला होता. मी म्हटलं, चल, अक्का बोलावते आहे, घरी ये, जेव.

गुणाबाई इतका वेळ लोकर उकलत बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "घरात बोलवून सांगू नका. जिथं नाव गेलं तिथं सांगा. मुकेडच्या बाजारात माझ्याकडून कुनी घोंगडं घेतलं न्हाई. हात लावत न्हवते. तिथं सांगा."

"मी सांगतो की बाजारात."

"तुमी न्हाई. तुमी अमदपूरचे. जिनं रान बंद केलं तिनं."

अक्का दाजी गेल्यापासून बाजारात गेलेली नाही, हे तुला माहीत आहे. मी अजून तिला हे सांगितलेलं नाही. सांगू की नको, ते लिही. वाटेत एसटीत बसून मी तीन वेगवेगळी खोटी कारणं तयार केली आणि तिन्ही चांगली आहेत.

मन्मथ

◆

तळ
९ मार्च

मामा,

एकही वापरू नका. जसंच्या तसं सांगा, गुणाकाकूंचं वाक्य न गाळता.

जाईल की नाही, मला खात्री नाही. अव्वा लोकांपुढं उभी राहत नाही; लग्नात उखाणासुद्धा अप्पांनी तिच्या वतीनं घेतला होता असं तुम्हीच सांगितलंय. नाही गेली तर तिच्यावर चिडू नका. पण विचारा.

अमृतरावकाकांबद्दल मी जे लिहिलं ते फाडून टाका. मी इथून, इतक्या लांबून, एका वाक्यात त्यांना चोर ठरवलं. पंचफुलाकाकूंनी निदान स्वतःच्या डोळ्यांनी काहीतरी पाहिलं होतं.

इथं विणी संपत आली. गवत पिवळं पडतंय. अजून पाऊस झाला तर कळप थांबतील, नाही तर हलतील.

मंजू

◆

अहमदपूर
३० मार्च

चि. मंजू,

अमृतरावावरचं पत्र फाडलेलं नाही. जपून ठेवलं आहे. उद्या तू मोठी शास्त्रज्ञ झालीस की उपयोगी पडेल.

अक्काला जसंच्या तसं सांगितलं.  आठ दिवस विषय नाही. मला वाटलं संपलं. बाजाराच्या दिवशी सकाळी बघतो तर ती पायात चपला घालून दारात उभी. म्हणाली, "चल. उशीर झाला तर लोकं पांगतेत."

श्रीमंतला निरोप आधीच गेला होता. तो तिनं परस्पर पाठवला होता, मला न विचारता. बाजारात मिरचीवाल्यांच्या ओळीच्या टोकाला गुणाबाई घोंगड्या मांडून बसली होती. समोर कुणी नव्हतं. श्रीमंत मागं उभा. अक्का सरळ तिथवर गेली. मी मागं. मी मनात तिच्यासाठी चार चांगली वाक्यं जुळवून आणली होती, गरज पडली तर पुढं करायला.

ती घोंगड्यांसमोर उभी राहिली. एवढा वेळ, की मिरचीवाली तागडी खाली ठेवून बघायला लागली. पंचफुला कुठूनशी उगवलीच होती. मग अक्का म्हणाली, आणि तिचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता:

"श्रीमंत, तू काही केलं न्हाईस. हरणं मीठ खात होते. मी तुझं नाव घेतलं, ते माझं चुकलं. माळावर ये. गवत वाळून चाललंय."

एवढंच. अक्काचं, शरणम्मा मल्लिनाथचं, आयुष्यातलं हे एकमेव भाषण. मग तिनं एक घोंगडं उचललं, घडी मोडून पाहिलं, "हे जरा बारीक हाय, दुसरं दाव," म्हणाली, आणि गुणाबाईशी भावावरून भांडायला लागली. दोघी बराच वेळ भांडल्या. एकीनंही कमी केलं नाही. मिरचीवालीनं एक घोंगडं घेतलं, मग आणखी कुणीतरी घेतलं.

श्रीमंत म्हणाला, "बघतो."

तो बघायला आठवडाभर लागला. अक्का रोज पहाटे दाराशी बसायची. आधीसारखीच, फक्त आता वाट बघत. मी म्हटलं, येईल. माझ्या अनुमानांचा लौकिक तिला ठाऊक असल्यानं तिला धीर आला नाही.

परवा तो आला. मेंढ्यांसह, गुणाबाईसह, गाढवावर पाल लादून. इतकी वर्षं तो ओढ्याकाठी बाभळींखाली उतरायचा. सावली, पाणी, सगळं तिथं. या वेळी बाभळी सोडून तो माळाच्या अगदी मधे गेला आणि उघड्या सपाटीवर, जिथं बोटभर गवताशिवाय काही नाही, तिथं त्यानं पाल ठोकलं.

अक्का म्हणाली, "येवढ्या उन्हात कशाला मरून राहिला?"

मी गच्चीवर जाऊन पाहिलं. त्या जागेवरून आपलं दार दिसतं. गावातून माळाकडं येणारी वाट दिसते. अमृतरावाचा गोठा दिसतो, पंचफुलाचं अंगण दिसतं. कोण कुठून कधी निघालं, ते सगळं दिसतं, तुझ्या विणाऱ्या माद्यांना लागतं तसं.

गुणाबाई पालासमोर आपल्या घराकडं तोंड करून बसली होती. मी हात वर केला. ती बघत राहिली. मग तिनंही केला, पण बसल्या जागेवरून उठली नाही. मी खाली आलो आणि अक्काला सांगितलं की ठीक आहे, किरकोळ ऊन आहे.

तुझा,
मन्मथमामा